कोपऱ्यातलं पाणी

संध्याकाळी कामावरून आलेल्या धाकटीनं दार लोटलं तेव्हा आई माशांच्या टाकीसमोर दिवाणावर बसलेली होती आणि दिवसभर तिला सांभाळणाऱ्या बाई पर्स खांद्याला लावून निघायच्या बेतात उभ्या होत्या. मान न वळवता आई म्हणाली, “आलीस? थोरली अजून तिथंच उभी आहे. तिला आधी बाहेर काढ. पाणी किती गार असेल.” बाईंनी धाकटीकडे पाहून भुवया उंचावल्या, दुपारपासून हेच चाललंय, असा त्याचा अर्थ. मग त्या गेल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज पार तळापर्यंत ऐकू येत राहिला, आणि धाकटी हातातली पिशवी खाली ठेवायचं विसरून तशीच उभी राहिली. आई अलीकडे काय काय बोलायची. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला ती जहाज म्हणायची, बाईंना शाळेतली मैत्रीण समजायची, आणि एकदा तर आरशातल्या बाईला तिनं बसायला खुर्ची दिली होती. त्याचं धाकटीला आता काही वाटेनासं झालं होतं, कधी कधी हसूही यायचं. पण हे बोलणं त्या जातीचं नव्हतं. आवाज साफ होता. असा आवाज तिनं बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता: घाईतला, जरासा रागावलेला, कामात असलेल्या बाईचा.

थोरली म्हणजे कोण, हे विचारायला तिचं तोंड उघडेना, कारण धाकटी एकुलती एक होती. घरी तिला धाकटी म्हणत, एवढंच; आणि ते नाव अंगाला असं चिकटलं होतं की पन्नाशी उलटली, कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये हाताखाली माणसं आली, तरी घराचा उंबरा ओलांडला की ती धाकटीच. शाळेत एका मैत्रिणीनं विचारलं होतं, तू धाकटी तर मग थोरली कुठाय? घरी येऊन तिनं तोच प्रश्न आईला घातला. आई इस्त्री करत होती. इस्त्री बाबांच्या शर्टावर तशीच राहिली, कापडाचा करपट वास सुटला, आणि मग आई म्हणाली, माझ्यापेक्षा धाकटी आहेस ना, म्हणून. उत्तर पटण्यासारखं होतं. तिनं ते दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगितलं आणि तिलाही पटलं. शर्टावर तपकिरी डाग पडला होता. बाबांनी तो शर्ट त्याच संध्याकाळी टाकून दिला. बाबांचं असंच असे. कप फुटला, छत्रीची काडी मोडली, की वस्तू दिवस मावळायच्या आत घराबाहेर. आणखीही काहीबाही तिला आता दारात उभ्या उभ्या आठवत गेलं. रस्ता ओलांडताना आईचा एक हात तिच्या हातात असे, आणि दुसरा, त्यात पिशवी नसली की, बाजूला जरासा लांब धरलेला असे, बोटं अर्धी मिटलेली. सगळ्याच आया अशा रस्ता ओलांडतात अशी तिची बरीच वर्षं समजूत होती.

टाकी घरात आली ती डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून. माशांकडे बघत बसल्या तर जीव शांत राहील, असं त्या म्हणाल्या होत्या आणि तसं झालंही होतं. भिंतीला लागून लाकडी कपाटावर ती लांबट टाकी होती. तळाला वाळू, मागे उजवीकडे एक वेडंवाकडं लाकूड, आणि सोनेरी, पांढरे असे काही मासे. गाळणीतून स्वच्छ झालेलं पाणी डाव्या टोकाच्या नळीतून सुटायचं आणि पुढच्या काचेला लागून सरळ पलीकडे जायचं. लाकडामागचा कोपरा मात्र त्या धारेत येत नव्हता. धाकटीनं काचेला नाक लावून पाहिलं. माशांची घाण, अन्नाचे कण, पानांचा चुरा, सगळं तिथं येऊन थांबत होतं. त्याचा एक करडा, मऊ खांब तयार झाला होता, वर अरुंद, खाली पसरलेला, आणि तो पडतही नव्हता, पांगतही नव्हता. टाकीतल्या दिव्याचा उजेड लाकडाच्या फटीतून त्याच्यावर पडला होता. बघणाऱ्यानं ठरवलं तर तिथं फ्रॉक घातलेलं कुणीतरी पाठमोरं उभं होतं. धाकटीनं ते ठरवायचं नाही असं ठरवलं, आणि तरी स्वयंपाकघरात जाताना तिनं दोनदा मागे वळून पाहिलं. एक गोष्ट तिच्या आधी कधी लक्षात आली नव्हती. मासे त्या कोपऱ्यात जात नव्हते. लाकडापर्यंत येऊन वळायचे.

नळीनं ओढून घेऊन ती घाण काढता येते, आणि तिनं ती काढलीही. चार दिवसांत खांब पुन्हा उभा राहिला. आई खूश झाली. “आली बघ,” ती म्हणाली, पण लगेच तिचा चेहरा उतरला, “ओली झालीय सगळी.” त्यानंतर आईला झोप लागेना. जेवताना ती घास तोंडाशी नेऊन थांबायची आणि टाकीकडे बघून तो परत ताटात ठेवायची. बाई म्हणाल्या, दुपारभर काचेवर हात आपटतात, एखाद दिवशी टाकी अंगावर घेतील, काढून टाका ना ती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की घरात सावल्या, अंधारे कोपरे कमी करा. पण टाकी काढू नका, तेवढं एकच त्यांचं मन रमतं. मासेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, तिथं पाणी वळत नाही हो, मेलेलं पाणी म्हणतो आम्ही त्याला. फिरत्या तोंडाची नळी मिळते, हळूहळू इकडून तिकडे मान वळवणारी, सगळ्या टाकीत धार पोचवणारी. पण ती तो ठेवत नव्हता आणि मागवली तर कधी येईल ते सांगता येत नव्हतं. मेलेलं पाणी हा शब्द घेऊन धाकटी बसमध्ये बसली. खिडकीबाहेर दुकानांचे दिवे सरकत होते. आपणच ती नळी करायची, हे घरचा थांबा येईपर्यंत तिच्या मनात पक्कं झालं होतं.

हाताचं काम तिला येत होतं. उभा जन्म तिनं दुसऱ्यांचे दात घासले होते, असं ती स्वतःच थट्टेनं म्हणायची: मेणात बसवायचे, ॲक्रिलिकमध्ये ओतायचे, घासायचे, चकचकीत करायचे, आणि ज्या तोंडात ते जाणार ते तोंड कधीच बघायचं नाही. लॅबमध्ये एक पितळी यंत्र असतं, त्यात प्लास्टरचा वरचा आणि खालचा जबडा बसवून माणूस चावतो कसा ते पाहतात. बिजागरी थोडी सैल केली की जबडा बाजूलाही हलतो, रवंथ करणाऱ्या जनावरासारखा. त्या हलण्याकडे बघतच तिनं आपली नळी जुळवली. मोटर मिळाली एका बंद पडलेल्या मायक्रोवेव्हमधून, थाळी फिरवणारी, डबीएवढी. लॅबमध्ये यंत्रं दुरुस्त करणाऱ्यानं ती तपासून दिली, पाण्यापासून लांब, टाकीच्या झाकणाच्या वर बसवायला सांगितली, आणि वायर खाली लोंबती ठेवायला बजावलं, म्हणजे थेंब वायरवरून वाहत आला तरी प्लगपर्यंत न जाता अधेमधे गळून पडेल. “काय, माशांना कवळी बसवताय का?” तो म्हणाला. ती हसली. कशासाठी करतोय हे तिनं त्याला सांगितलं नाही. मोटरच्या दांड्यावर ॲक्रिलिकची चकती, चकतीवर कडेला एक खिळा, खिळ्यात अडकवलेली तारेची काडी आणि काडीचं दुसरं टोक नळीच्या तोंडाला चिकटवलेल्या पट्टीत. चकती गोल फिरते, काडी पुढेमागे होते आणि तोंड डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे वळतं. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात पहिल्यांदा नळी जिथं फिरते तिथूनच पाणी फुटलं. मग दातांचे ठसे घ्यायच्या रबरी लगद्याची कडी करून तिनं ते थोपवलं. दुसऱ्यांदा काडी झाकणाला अडून टक टक वाजू लागली आणि आई त्या आवाजासरशी दाराकडे बघायला लागली, कोण आलं म्हणून. झाकणाला कानशीनं खाच पाडली तेव्हा ते थांबलं. धार किती लांबवर वळवायची हे खिळा चकतीच्या मध्यापासून किती दूर आहे यावर असतं. तिनं चकतीला ओळीनं भोकं पाडली होती. लाकडामागचा कोपरा गाठायला अगदी शेवटचं, कडेचं भोक लागलं.

त्या दिवसांत ती सुखात होती, हे तिला मागाहून कळलं. ॲक्रिलिकचा गोडसर, डोक्यात जाणारा वास हाताला घेऊन ती घरी यायची, आईशेजारी दिवाणावर बसायची आणि मांडीवर वर्तमानपत्र पसरून कानस चालवायची. आई तिच्या गुडघ्यावर हात ठेवायची. ती जागा धाकटीची होती, पहिल्यापासून. बाबा खुर्चीत, आई भिंतीकडे आणि आईच्या कुशीला धाकटी. बाबा गेल्यावर खुर्चीवर कपड्यांचा ढीग पडू लागला, पण दिवाणावरची जागा बदलली नाही. मध्ये एकदा लग्नाचं घाटत होतं तेव्हा, दुसऱ्या घरी आपण कुठं बसायचं, हा विचार तिला सगळ्यात आधी आला होता. ते लग्न मोडलं त्याला कारणं वेगळी होती. तरी तिला वाटायचं, बसायची जागा सुटत नव्हती हेच खरं.

एका रविवारी दुपारी तिनं मोटर लावली. ही मोटर कुठल्या बाजूनं फिरायला लागेल याचा नेम नसतो, पण चकतीला त्याचं काही नव्हतं. नळीचं तोंड हळूच वळलं. पुढची काच, मासे, लाकूड, आणि मग अगदी शेवटी, क्षणभर थांबल्यासारखं करून, तो कोपरा. करडा खांब थरथरला. मधोमध वाकला, सुटला आणि सगळ्या टाकीभर धुरळा झाला. मासे उधळले. नळी परत वळली, पुन्हा आली, आणि कुणीतरी सावकाश नाही, नाही म्हणत राहावं तशी दुपारभर मान हलवत राहिली. संध्याकाळपर्यंत गाळणीनं धुरळा ओढून घेतला. पाणी लख्ख झालं, एक पांढरा मासा पहिल्यांदाच लाकडामागे जाऊन आला. आई बघत होती. आज तिनं काचेला हातही लावला नाही. जेवली, झोपली. धाकटीला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर ती दिवाणावर टेकायला गेली तर आईनं हात आडवा घातला. “अगं अगं, बघून बस,” ती म्हणाली, “थोरली बसलीय ना तिथं.” आणि त्या रिकाम्या जागेकडे वळून, पदरानं काहीतरी टिपल्यासारखं करत, “बाहेर आली एकदाची. गारठलीय पोर.”

धाकटी स्टूल ओढून समोर बसली. दिवाणावर चादर साधी सपाट होती. तिनं त्या चादरीकडे बघितलं आणि नजर टाकीकडे नेली. पाणी नितळ होतं, कोपऱ्यासकट. दिवसचे दिवस मग तसेच गेले. आई चांगली जेवू लागली, झोपू लागली. बाई म्हणाल्या, तुमच्या त्या यंत्रानं जादू केली. पण आता घरात चालताना धाकटीचं पाऊल दिवाणाशी आलं की आपोआप बाजूला पडायचं. चादर बदलताना ती तो भाग शेवटी बदलायची. आई त्या जागेशी हळू आवाजात बोलायची, हसायची, आणि धाकटी जवळ आली की दोघी कसलं तरी गुपित लपवत असाव्यात तशी गप्प व्हायची. एकदा तिनं धाकटीला विचारलं, “बाई, तुम्ही आज गेला नाहीत अजून?” धाकटीनं आत जाऊन नळ सोडला आणि उगाचच भांडी घासत राहिली.

पुढच्या रविवारी बाईंना जास्तीचं बोलावून ती मामाकडे गेली. आईचा धाकटा भाऊ, ऐंशीच्या घरातला, एका कानानं ऐकू न येणारा. ऐकू न येणाऱ्या बाजूला मी बायकोला बसवायचो, अशी त्याची जुनी थट्टा होती. ती त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली आणि सरळच विचारलं, थोरली कोण? मामाचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं. “कुणी सांगितलं तुला?” “आईनं.” मामानं चष्मा काढून पुसला. “तिनं सांगितलं म्हणजे मग आता बोलायला हरकत नाही,” तो म्हणाला.

होती, म्हणाला. चार वर्षांची होती. धाकटीच्या वेळी आई प्रसूतीला दवाखान्यात गेली आणि इकडे थोरलीचा घसा धरला. घटसर्प, पसरणारा आजार. तिला दुसऱ्या दवाखान्यात वेगळं ठेवलं, कुणाला जवळ जाऊ देईनात. तीन दिवसांत आटोपलं. आईला टाके पडलेले, अंगात ताप. बाबा म्हणाले, घरी आल्यावर सांगू. ती धाकटीला घेऊन घरी आली तेव्हा घर धुऊन, भिंती रंगवून झालेल्या होत्या. थोरलीची खाट, फ्रॉक, पेला, सगळं गेलेलं. आजाराचं म्हणून काही जाळलं, बाकीचं बाबांनी घालवलं. फोटो एकच होता, तोही. आईनं दारातूनच विचारलं, थोरली कुठाय? बाबांनी सांगितलं आणि त्याच दमात हेही सांगितलं की या घरात आता ते नाव नको. “वाईट नव्हता गं तुझा बाप,” मामा म्हणाला, “त्याला सोसलं नसतं. दुसरं कारण नाही. तुझी आई बरं म्हणाली. रडलीसुद्धा नाही आमच्यासमोर. पण तुला हाक मारायची वेळ आली की ती धाकटीच म्हणायची. तुझ्या बापानं किती नावं सुचवली. शाळेत घातलं ते त्याचं. पण घरात तिनं तुला धाकटीच म्हटलं, आणि तेवढं एक त्याला बंद करता आलं नाही.”

थोरलीचं खरं नाव काय होतं, असं तिनं विचारलं. मामा आठवत राहिला. त्याचे ओठ दोनदा काहीतरी जुळवू पाहून थांबले. “नाही आठवत बघ,” तो शेवटी म्हणाला, “थोरलीच म्हणायचो सगळे.”

परत येताना ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत आली. रविवारचा रस्ता रिकामा होता, बंद दुकानांच्या पत्र्यांवर ऊन तापलं होतं. आयुष्यभर कुणी घरातून हाक मारली की ती ओ देत आली होती. त्या प्रत्येक हाकेत आणखी एक जण बोलावलं जात होतं आणि ते तिकडे गप्प राहत होतं, हे आता चालता चालता तिच्या डोक्यात भिनत गेलं, एखादं औषध हळूहळू चढावं तसं. आपण हाक ऐकून धावत जायचो तेव्हा आईच्या चेहऱ्यावर आधी आनंद आणि मग काहीतरी उतरल्यासारखं दिसायचं का? तिला आठवेना. आठवलंय असंही वाटायला लागलं. आणि मग त्याहून वाईट एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. इतक्या वर्षांनी आईला थोरली दिसली, एका कोपऱ्यात, कुणाला न दुखवता उभी असलेली; आणि आपण मोटर, चकती, काडी जुळवून, कडेच्या भोकात खिळा घालून तो कोपरा धुऊन काढला. बाबांनी केलं तेच, आणि तितक्याच मायेनं.

घरी येताच तिनं झाकण उघडलं, खिळा काढला आणि मध्याजवळच्या भोकात घातला. नळीचं तोंड आता लाकडापर्यंत जाऊन परत फिरू लागलं. कोपऱ्यातलं पाणी पुन्हा स्थिर झालं. दोन दिवसांनी तळाशी पुन्हा करडं काही जमू लागलं, मग त्याला उंची आली. धाकटी रोज आल्याबरोबर तिकडे बघायची. खांब उभा राहिला, पहिल्याहून ठळक, वर अरुंद, खाली पसरलेला. तिनं आईचा खांदा धरून तिला दाखवला. आई नम्रपणे तिकडे बघत राहिली. “घाण साचलीय,” ती म्हणाली. आणि शेजारच्या जागेवरची चादर तिनं कडेनं नीट खोचली, कुणाच्या तरी पायांना वारा लागू नये म्हणून.

म्हणजे थोरलीचं परत जाणं नव्हतं. मग एक कोरडा, चिडका राग धाकटीच्या मनात ठाण मांडून बसला, आणि त्याची तिला भीती वाटली, कारण तो पन्नाशीच्या बाईचा राग नव्हता. अंघोळ घालते मी, गोळ्या देते मी, रात्री मध्येच जागी होऊन आईला कुशीवर वळवते मी. आणि ती, जी चार वर्षं काय ती होती, जिचे दुधाचे दात पडायचीही वेळ आली नाही, ती येऊन बसली माझ्या जागेवर. कामावर एका कवळीचे पुढचे दात तिनं इतके बारीक बसवले की डॉक्टरांनी ती परत पाठवली: लहान मुलाचे दात बसवलेत की काय तुम्ही? तिनं ती कवळी हातात घेऊन पाहिली. खरंच तसे दिसत होते. तिनं ते उपटून पुन्हा बसवले. घरी आली की मान वळवणाऱ्या नळीची घरघर चालू असायची, आई भिंतीला टेकून त्या जागेकडे कललेली असायची आणि दोघींच्या समोर धाकटी स्टुलावर, पाठीला टेकण नाही, हात कुठं ठेवावेत ते कळत नाही, भेटायला आलेल्या माणसासारखी. आई आता तिला हाक मारीत नव्हती. बाई म्हणायची, किंवा नुसतं अहो.

त्या दिवशी तिनं सूप करून आणलं होतं. दिवेलागणीची वेळ होती. टाकीचा निळसर उजेड आईच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. स्टुलावरून चमचा आईच्या तोंडापर्यंत नीट पोचेना. एकदा सूप सांडलं, मग पुन्हा सांडलं. आई घाबरून मागे सरकली आणि तिनं शेजारच्या जागेवर हात दाबून धरला, आधार घ्यावा तसा. धाकटी उठली. वाटी हातात धरून ती दिवाणासमोर उभी राहिली. चादर सपाट होती आणि तरी तिथं बसायला गुडघे वाकेनात. पाय दुखत होते. दिवसभर ती उभीच होती. काय करावं हे तिनं ठरवलं नव्हतं. तोंडात शब्द आला तो तिच्या ओळखीचा नव्हता, जन्मात कुणाला उद्देशून तिनं तो म्हटला नव्हता. आवाज मात्र थकलेला, रोजचा, जरा कुरकुरीचा निघाला.

“ताई,” ती म्हणाली, “सरक ना जरा. मला आईजवळ बसू दे.”

आईनं वर पाहिलं. आधी धाकटीकडे, मग शेजारी. तिनं पाय पोटाशी घेतले, कसलंसं ओझं अलगद उचलून मांडीवर घ्यावं तसे हात केले आणि भिंतीकडे सरकली. “ये,” ती म्हणाली.

धाकटी बसली. दिवाण तसा लहान होता, पण तिघींना पुरला.